नव्वदची ओळ

"हे नव्वद कुणाचे, काका?"

हिशेब तपासायला आलेल्या ऑडिटरबाईंनी पेन्सिलीचं टोक ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीवर टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. बाई वयानं मुनिमांच्या नातीएवढ्या होत्या. पण वह्या बघताना त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची ती पाहून मुनीम त्यांना मनातल्या मनातही अहोजाहोच करायचे.

मुनिमांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत चढवला. ती ओळ त्यांना चष्म्यावाचूनही पाठ होती. 'आगाऊ आलेली वर्गणी : ९०.' एकोणीस ताळेबंदांत ती त्यांनीच, स्वतःच्या हातानं लिहिली होती.

"एका जुन्या सभासदाचे आहेत."

"हयात आहेत ते?"

"नाही. सतरा वर्षं झाली त्याला जाऊन."

"मग वारसांना द्या, नाहीतर संस्थेच्या उत्पन्नात घ्या. काहीतरी एक करा. बाकी सगळं चोख बसलंय बघा. बँकेत अडुसष्ट हजार नव्वद. सतरा सभासद, प्रत्येकी चार हजार, झाले अडुसष्ट हजार. एवढी एक ओळ अडून बसलीय." बाईंनी जुन्या कागदांचा गठ्ठा पुढं ओढला. "माझ्या आधीच्या सरांनी दर वर्षी इथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. आणि तुम्ही दर वर्षी सांगितलंय, पुढच्या वर्षी बघू."

"हो. तसं म्हणायचो मी."

"पण आता पुढचं वर्ष नाही ना, काका," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. रविवारी संस्थेची शेवटची सभा होती आणि त्यानंतर संस्थाच उरणार नव्हती, इतका साधा मामला होता.

मुनीम म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबा. मी लावतो तिचा निकाल."

संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. जिना बाहेरून, लोखंडी. खोलीत एक कपाट, एक टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या आणि बारा महिने रबराचा वास. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसांनी एकतीस वर्षांपूर्वी ती काढली, तेव्हा सभासद होते दोनशे बारा. वर्गणी महिन्याला तीस. आणि त्या तिसाच्या बदल्यात एकच वचन : सभासद गेला की त्याच्या घरी पंधरा हजार रोख, त्याच दिवशी, माणूस उंबऱ्याबाहेर निघायच्या आत. चौकशी नाही, अर्ज नाही, उद्या या नाही. पाकीट घेऊन खजिनदारानं स्वतः जायचं, वहीवर सही घ्यायची आणि मग सगळ्यांबरोबर पोचवायला चालायचं.

खजिनदार पहिल्या दिवसापासून मुनीमच. पलटणीत ते भांडारात कारकून होते. बुटांचे जोड, कंबरपट्टे, काडतुसं, सगळं मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. त्यांनी उभ्या नोकरीत एक गोळी झाडली नाही, आणि याची आठवण त्यांना कुणी ना कुणी महिन्यातून एकदा करून द्यायचंच. "आम्ही झाडल्या, यानं मोजल्या," असं म्हणून लोक हसायचे. मुनीमही हसायचे आणि म्हणायचे, "मोजल्या म्हणून तुमच्या वाट्याला आल्या." पण ते मनाला लागायचं. म्हणून तर संस्थेच्या वहीत त्यांनी जीव ओतला. लढाईवर न गेलेल्या माणसाला कुठंतरी तोंड वर करून उभं राहायला जागा हवी असते, आणि मुनिमांची जागा ती वही होती.

पहिली दहा वर्षं बरी गेली. वर्षाला दोन-तीन माणसं जायची, वर्गणी त्याच्या दुप्पट यायची. दीडशे खुर्च्या घेतल्या, त्या लग्नकार्याला भाड्यानं जायच्या. बँकेत ठेव झाली, ठेवीला व्याज आलं. एका वर्षी तर सभेत पेढे वाटावेत की संस्थेला पंखा घ्यावा यावर दोन तास भांडण झालं. इतकी श्रीमंती होती. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि लोखंडी खुर्च्या कुणी विचारीना. व्याज घसरलं. आणि माणसं म्हातारी झाली. एका वर्षी सात गेली, एका वर्षी अकरा. यातली मेख अशी, की ज्याच्या घरी पाकीट जायचं तोच वर्गणी भरणाऱ्यांतून कमी व्हायचा. म्हणजे प्रत्येक मरणाचा खर्च दोनदा. मुनिमांना हे दहाव्या वर्षीच दिसलं होतं. त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवलेही होते, तेव्हा सगळे म्हणाले, अरे मुनीम, चांगलं बोल की. वर्गणी तिसाची पन्नास करायला चार सभा लागल्या.

आता सतरा उरले होते आणि बँकेत उरलं होतं ते चार जणांच्या पाकिटांपुरतं. "पहिल्या चारांत नंबर लावा रे बाबांनो, पाचव्याची पंचाईत आहे," असं बिगुलवाला म्हणायचा. तो पलटणीत बिगूल वाजवायचा, आणि बोलायचा पण तसाच, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. एकदा तो असं म्हणाला आणि कुणी हसलंच नाही. त्याच सभेत ठरलं की संस्था बंद करायची आणि आहे ते सारखं वाटून घ्यायचं.

हे झालं संस्थेचं. आता नव्वदचं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुनीम टेबलाशी बसायचे आणि सभासद रांगेनं येऊन वर्गणी भरायचे. कुणी आजारी असला, गावाला असला, की त्याचा जोडीदार दोघांचे पैसे ठेवायचा. पलटणीतली सवय, हजेरीला एकानं दुसऱ्यासाठी 'हजर' म्हणायची. मुनिमांना ही पद्धत पसंत नव्हती. एकदा दोघांत कुणी कुणाचे भरले यावरून जुंपली, तेव्हा मुनिमांनी नियम करून घेतला : ज्याचे पैसे त्याचं नाव मोठ्यानं सांगितल्याशिवाय नोंद होणार नाही. नियम भिंतीवर लागला. अक्षर मुनिमांचंच.

त्यानंतर चारच महिन्यांनी आचारी साठ घेऊन रांगेत उभा राहिला.

आचारी आणि ड्रायव्हर ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. ड्रायव्हर डोंगरातल्या ठाण्यांवर रसद पोचवायचा आणि आचारी आपली पातेली घेऊन त्याच्या शेजारी बसायचा. अशी अकरा वर्षं. नोकरी संपल्यावर ड्रायव्हर शाळेची बस चालवत होता. मग त्याची नजर गेली, बस गेली. घरी काय चाललंय ते तो कुणाला सांगत नव्हता, आणि आचाऱ्यानं तर ते मेला तरी सांगितलं नसतं.

आचाऱ्यानं साठ टेबलावर ठेवले. मुनिमांनी तीस उचलले.

"आणि हे?"

"घे की."

"कुणाचे?"

आचाऱ्यानं मागं बघितलं. मागं पंधरा-वीस माणसं उभी होती. नाव घेतलं असतं तर ड्रायव्हरला तीससुद्धा जमत नाहीत हे सगळ्या रांगेला कळलं असतं.

"घे म्हटलं ना, मुनीम. ठेव."

आचारी मुनिमांकडे बघत राहिला. मुनिमांनीही बघितलं. आणि मग त्यांनी वहीत आचाऱ्याच्या नावापुढं लिहिलं, आगाऊ, तीस. पावती फाडली. आचाऱ्यानं ती न वाचता खिशात घातली. पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या महिन्यात ड्रायव्हर बस-थांब्यावर उभ्या उभ्या गेला.

नियमात तेही होतं : तीन महिने वर्गणी थकली तर मदत नाही. त्या सकाळी घाईघाईनं समिती बसली. ड्रायव्हरची बायको दारात उभी होती. आचारी आत आला आणि म्हणाला, "त्याचे मी भरलेत." वही उघडली गेली. वहीत ड्रायव्हरच्या नावापुढं तीन रकाने कोरे होते.

"मुनीम, हे पैसे त्याचे आहेत हे तुला माहीत होतं?" तेव्हाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"वहीत आहे तेच मला माहीत."

"माझ्याकडं बघून सांग," आचारी म्हणाला.

त्या वेळी 'हो' म्हणायला किती वेळ लागला असता? पण 'हो' म्हटलं असतं तर मग जाणूनबुजून चुकीचं का लिहिलंस, हा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर एवढंच होतं, की माझा नियम तू पाळावास म्हणून. बाईमाणूस दारात उभं असताना ते सांगण्यासारखं नव्हतं.

"नाही," मुनीम म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

माणूस मेल्यावर वही बदलली तर उद्या कुणीही येईल, असं समितीला वाटलं. हात वर झाले. ड्रायव्हरची बायको दारातून एवढंच म्हणाली, "मुनीमभावजी, आचारीभावजी खोटं बोलत नाहीत हो." मुनीम म्हणाले, "वहिनी, वहीत नाही ते दिलेलं नाही."

आचारी त्यानंतर कधी जिना चढला नाही. वर्गणी बंद केली, आगाऊ भरलेले परतही मागितले नाहीत. दोन वर्षांनी तो गेला तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्याही घरी पाकीट गेलं नाही. नव्वद तेवढे राहिले.

शनिवारी जेवताना मुनिमांनी बायकोला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट सांगितली नव्हती. तिनं ताटातला हात थांबवला नाही, पण चावणं हळू झालं.

"वर्षातून एक दिवस, ताळेबंद संपला की, तुम्ही जेवत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, दिवसभर बसून पोट धरतं. मी ओवा द्यायचे."

"तेच ते."

"मग द्या की तिला. आपल्या खात्यात आहेत पंधरा हजार. गुपचूप नेऊन द्या, कशाला चारचौघांत तमाशा?"

"एकदा नेले होते. सहा वर्षं झाली. पाकीट घेऊन तिच्या जिन्यापर्यंत गेलो."

"मग?"

"परत आलो. माझ्या खिशातले दिले तर ती माझी दया झाली. ती दया मागायला आली नव्हती. तिचे होते ते मागायला आली होती. संस्थेनं द्यायला पाहिजेत, संस्थेच्या वहीतून. सोमवारनंतर वहीच नाही."

बायकोनं त्यांच्या ताटात भात वाढला. "सगळ्यांचे पैसे कमी होतील. लोक काय म्हणतील माहीत आहे ना? एकतीस वर्षं नाव कमावलंत."

"माहीत आहे."

"जेवा आधी," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, त्यांच्याकडे न बघता, "मी तिला बाजारात बघते. हॉस्पिटलच्या धुलाईत चादरींच्या घड्या घालायची ती. आता कपडे घरी आणते. माझ्याशी बोलते, बरं का. तुमची चौकशी मात्र कधी करत नाही. मला वाटायचं, स्वभाव असेल."

रविवारी अकरा जण आले. सहा जणांना जिना चढवत नव्हता. त्यांनी सह्या करून कागद पाठवले होते. भिंतीच्या खुर्च्या खाली आल्या. अध्यक्ष आता हवालदार होते. तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेलेला आणि दुसरा वयानं जात चाललेला. त्यांच्या पायाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गुंडाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि आतला पितळी पत्रा दिसत होता. खजिनदारांना शेवटच्या दिवशी पाटी द्यायची, असं सगळ्यांनी चोरून ठरवलं होतं, आणि चोरून ठरवलेलं ते मुनिमांना आठवडाभर माहीत होतं.

हवालदारांनी वाटपाचा ठराव वाचायला घेतला. मुनीम उभे राहिले.

"ठरावाआधी मला बोलायचंय. ड्रायव्हरच्या पैशांबद्दल."

"कुणाच्या?"

"ड्रायव्हरच्या. एकोणीस वर्षांपूर्वी आपण त्याच्या घरी मदत दिली नाही. आचारी म्हणाला मी भरलेत, मी म्हणालो मला माहीत नव्हतं." मुनिमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला माहीत होतं."

"मोठ्यानं बोल रे," हवालदार म्हणाले. "काय होतं?"

"माहीत होतं."

"ऐकू येत नाही."

"मला माहीत होतं म्हणतोय!" मुनीम ओरडले. "ते पैसे त्याचे आहेत, हे मला तेव्हाच माहीत होतं. तिन्ही वेळा. आचाऱ्यानं नाव घ्यावं म्हणून मी अडून बसलो, आणि नंतर तुमच्यासमोर खोटं बोललो."

मुनिमांनी मागणी सांगितली : ड्रायव्हरच्या बायकोला पंधरा हजार द्यायचे, आपला स्वतःचा चार हजारांचा वाटा सोडायचा आणि उरलेले सोळा जणांत वाटायचे. प्रत्येकी तीन हजार तीनशे अठरा. वरचे दोन आजच्या चहात.

"म्हणजे माझे सहाशे ब्याऐंशी गेले," हवालदारांच्या तोफेवरचा जुना साथी, तोफवाला, म्हणाला. त्याच्या एका डोळ्यावर मोतीबिंदू होता आणि त्याच्या ऑपरेशनची तारीख या पैशांवर ठरली होती. "चूक तुझी, आणि भरायचं आम्ही?"

"हो. तसंच होतंय."

"एकोणीस वर्षं गप्प बसलास, अजून एक दिवस बसवलं नाही तुला?"

मुनिमांनी मान खाली घातली नाही.

"त्या दिवशी हात मीही वर केला होता," बिगुलवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला. "मलाही माहीत होतं, तोफवाल्या. तुलाही होतं. आचारी तीन महिन्यांचे आगाऊ भरण्यातला माणूस होता का? त्याच्या चपला बघितल्या होत्यास ना?"

"मी वहीवर विश्वास ठेवला," तोफवाला म्हणाला.

"आपण सगळ्यांनीच ठेवला. सोयीचं होतं."

मतं घेतली. सहा बाजूनं, चार विरुद्ध. मुनिमांनी मत दिलं नाही. ठराव झाला, सह्या झाल्या, चहा आला. तोफवाला चहा न घेता उठला. जाताना मुनिमांच्या खांद्याला खांदा लागला तरी त्यानं वर बघितलं नाही. सगळे पांगल्यावर हवालदारांनी पायाशी ठेवलेली गुंडाळी उचलली आणि हातात तोलत उभे राहिले.

"याचं काय करू आता? कोरून घेतलंय रे. 'एकतीस वर्षांत एका पैचीही चूक नाही.'"

"कपाटात ठेवा."

"कपाट भंगारवाला नेणार आहे उद्या."

"मग त्यातच ठेवा," मुनीम म्हणाले.

सोमवारी बँक उघडताच त्यांनी सगळे पैसे काढले आणि सोळा वाटे हवालदारांच्या हवाली केले. ड्रायव्हरच्या बायकोचा जिना त्यांना माहीत होता. या खेपेला ते वरपर्यंत चढले.

तिनं दार उघडलं, ओळखलं आणि बाजूला झाली. खोलीभर पांढऱ्या चादरींचे ढीग होते. तिचे केस सगळे पिकलेले, पण पाठ ताठ. "बसा," म्हणाली. भावजी म्हणाली नाही. मुनीम उभेच राहिले, आणि उभ्या उभ्याच त्यांनी जे काल ओरडून सांगितलं ते आज हळू सांगितलं. ती हातातली चादर अर्धी घडी झालेली, तशीच धरून उभी राहिली.

"मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "आचारीभावजींनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, त्याला माहीत होतं वहिनी, त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मग लिहिलं."

"हो. बघितलं होतं."

"गाडीला पैसे नव्हते. जन्मभर गाडी चालवली त्या माणसानं, आणि त्याला न्यायला गाडी नव्हती. भावजी काम करायचे त्या खानावळीची हातगाडी त्यांनी आणली. धुतली. ती धुताना मी बघत होते. तुम्ही मागं चालत होतात."

"सगळ्यात मागं होतो."

"बघितलं होतं मी," ती म्हणाली.

मुनिमांनी पाकीट पुढं केलं. संस्थेचं, छापील नाव असलेलं, शेवटचं. तिनं चादर खाली ठेवली, नोटा बाहेर काढल्या. "मोजून घेते."

"मोजायलाच हवेत."

तिनं एकेक नोट मोजली. मधे एकदा चुकली, तर परत पहिल्यापासून मोजली. मुनीम थांबले. पंधरा हजार बरोबर भरले. वहीवर सही केली.

"मला वाटलं होतं, तुम्ही कधीतरी याल तेव्हा मी हे तोंडावर फेकीन," ती म्हणाली. "पण दोन महिन्यांचं भाडं थकलंय. तेव्हा घेते. माफबिफ मात्र मी करणार नाही. नाही जमत."

"मी मागायला आलो नाही, वहिनी."

"पावती द्या."

"कसली?"

"त्या तीन महिन्यांची. त्यांच्या नावाची. थकबाकीदार म्हणून गेले ते. शेजारच्यांनाही कळलं होतं. पावत्या द्या तीन, आणि तारखा तेव्हाच्या घाला."

मुनिमांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. एकतीस वर्षांत त्यांनी मागची तारीख घालून एकही पावती फाडली नव्हती. कुणी कितीही गळ घातली, देणगीदार रुसले, तरी नाही. आता त्यांनी ड्रायव्हरचं नाव लिहिलं, तीस लिहिले, आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या तीन पहिल्या रविवारांच्या तारखा लिहिल्या. त्यांना त्या आठवाव्या लागल्या नाहीत. तिनं तिन्ही पावत्या वाचल्या, नाव नीट आहे का ते पाहिलं, पत्र्याच्या डब्यात ड्रायव्हरच्या निवृत्तीच्या कागदांखाली ठेवल्या आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"या आता," म्हणाली, आणि चादर उचलली.

दुपारी ऑडिटरबाई आल्या तेव्हा कपाट गेलं होतं. कपाटाच्या जागी भिंतीवर हिरवा चौकोन राहिला होता, मूळ रंगाचा. टेबलावर नवा ताळेबंद होता, डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. बाईंनी ठराव वाचला आणि मग मुनिमांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पावतीपुस्तकाची स्थळप्रत उलटताना त्यांची पेन्सिल थांबली.

"या तीन पावत्या, काका. पुस्तक यंदाचं आणि तारखा एकोणीस वर्षांपूर्वीच्या."

"हो."

"शेरा मारावा लागेल." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं तर बंद पडलेल्या संस्थेचे कागद कोण उघडून बघतंय? तुमच्या एकाही ताळेबंदावर आजवर शेरा नाही. मी सगळे चाळलेत. सोडून देऊ का?"

"नको. लिहा."

बाईंनी पेन घेतलं आणि लिहिताना मोठ्यानं बोलत गेल्या. "तीन पावत्यांवर मागील तारखा घातलेल्या आढळल्या. सदर रकमेची मूळ नोंद खजिनदारांकडून नजरचुकीनं दुसऱ्या सभासदाच्या नावे..."

"नजरचुकीनं नाही."

पेन थांबलं.

"'माहीत असून' असं लिहा," मुनीम म्हणाले.

बाईंनी एक शब्द खोडला, वर दोन लिहिले आणि खाडाखोडीवर आपली सही केली. मग कागद फिरवून मुनिमांपुढं ठेवला. मुनिमांनी चष्मा पुसला, शेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली, खजिनदार असं छापलं होतं तिथं, सही केली.

प्रत्येक सभासदानं एक खुर्ची घरी न्यायची असं ठरलं होतं. बाकीच्या भंगारात गेल्या. मुनिमांनी आपली खुर्ची मिटली, बगलेत मारली, किल्ली टायरवाल्याकडे दिली आणि घराकडे निघाले. लोखंडी खुर्ची जड होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि दम लागला. त्यांनी खुर्ची फुटपाथच्या कडेला उघडली, डगमगत नाही ना ते हातानं दाबून पाहिलं, आणि तिच्यावर बसले. माणसं बाजूनं जात होती. औषधाच्या दुकानातून एकीनं विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," मुनीम म्हणाले. "बसतो जरा."